मागची निळी छटा

४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही बऱ्याच वेळा फोन केलात, मी उचलला नाही. राग धरू नका. फोनवर मला बोलता येत नाही. आमच्या घरात फोनवर बोलायचं काम हेच करायचे. लिहायला बसलं की मला जमतं.

पाहुणे सगळे गेले. सोमवारपासून मी लॅबमध्ये जायला लागले आहे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलं की कोणी काही विचारत नाही. ते बरं वाटतं.

हॉस्पिटलमधून कपड्यांची पिशवी मिळाली. निळं विंडचीटर धुऊन वाळत घातलं. त्यांचा कॅमेरा मात्र पार फुटला आहे. खाणीतल्या पाण्यात पडून होता, त्यामुळे त्यातल्या कार्डातलंही काही निघालं नाही.

मला तुम्हाला एकच विचारायचं आहे. त्या सकाळी खाणीवर तुम्ही दोघंच होतात. हे कड्यावरून पडले तेव्हा त्यांच्याकडे कोणाचं लक्ष होतं का? मला धीर देण्यासाठी काही लिहू नका. माणूस जाताना कोणाच्या तरी नजरेत होता की नव्हता, एवढंच मला हवं आहे. जे असेल ते खरं लिहा.

मावशींना नमस्कार सांगा.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

पाकीट बघून आधी वाटलं विम्याच्या हप्त्याची आठवण आली. आजकाल हाताने पत्र लिहिणारी तुमच्याशिवाय कोणी उरलीय का! पण चालेल, मीही लिहितो. बँकेत जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, साहेब समजतोय मी मन लावून काम करतोय.

खरं लिहा म्हणालात, म्हणून खरं लिहितो. दादा पडला तेव्हा मी बॅटरी बदलत होतो. मान खाली, दोन्ही हात पिशवीत. दगड घरंगळल्याचा आवाज आला, वर बघतो तर दादा जागेवर नाही. "दादा!" म्हणून ओरडलो, धावलो, पण तोवर सगळं आटपलं होतं. कोणाच्याच नजरेत नव्हता, वहिनी. ऐकायला कठीण आहे, पण आहे ते असं आहे.

मागे का सरकला, तेही सांगतो. पोलिसांनाही मीच समजावलं. या मोठ्या लेन्सना एक मर्यादा असते, अमुक अंतराच्या आतलं त्यांना दिसतच नाही. आम्ही टिपायला गेलो होतो तो चिमुकला पक्षी, वटवट्या, नेमका दादाच्या पुढ्यातल्या गवतावर येऊन बसला. इतका जवळचा पक्षी धूसर दिसतो, मग एकच उपाय, आपण मागे सरकायचं. आता शहाणा माणूस आधी मागे वळून बघेल. पण आपला दादा! डोळा कॅमेऱ्याला लावला की त्याच्या लेखी जग संपलं. मी शंभरदा सांगितलं होतं, "दादा, तुझ्या पाठीला डोळे नाहीत." तो ऐकतोय कसला. तुम्हाला ठाऊकच आहे त्याचा स्वभाव.

सोबत एक फोटो पाठवतोय. त्याच सकाळचा, पण तासभर आधीचा. तोच वटवट्या, चोचीत अळी घेऊन. आमच्या क्लबच्या स्पर्धेत याला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "मागची ही निळी छटा म्हणजे चित्रच आहे." ऑक्टोबरमध्ये क्लबचं प्रदर्शन दादाच्या नावाने करायचं घाटतंय. मधोमध हा फोटो, मोठा करून. तुमची परवानगी मिळाली की पुढचं बघतो.

आई तुमची सारखी आठवण काढते. भाचा नाही, पोटचा मुलगाच गेला म्हणते.

तुमचा धाकटा


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही स्पष्ट लिहिलंत, बरं केलंत. कोणाच्याच नजरेत नव्हते, हे मी मनाशी ठेवलं आहे.

फोटो मिळाला. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या खुर्चीसमोर भिंतीला टेकवून ठेवला आहे. पक्ष्याचं एकेक पीस दिसतं. अळीचे पायसुद्धा दिसतात. मागचं सगळं विरघळल्यासारखं आहे. जेवताना दुसरीकडे कुठे बघावं हे सध्या समजत नाही, म्हणून रोज तो बघते.

परवानगीचं मग कळवते.

यांचा जुना कॅमेरा आणि लहान लेन्स घरात होती. ती काढली. सकाळी गच्चीत कपड्यांच्या दोरीवर एक चिमणी येते. तिचा फोटो काढायला गेले तर चिमणी पुसट आणि मागची पाण्याची टाकी, तिचा नळ, नळाला बांधलेली चिंधी सगळं स्वच्छ. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन चाकं असतात. एक भराभर फिरतं, एक सावकाश. मी ठरवीन तेच दिसतं. या कॅमेऱ्याला स्वतःचं मत आहे. त्याचं काय करायचं?

वहिनी


२ मार्च

वहिनी, वहिनी, वहिनी!

जिंकलंत! आई म्हणते, "पोरगी सावरतेय." मीही तेच म्हणतो. माणसाला काहीतरी हातात हवं. दादा असता तर त्याने तुम्हाला कॅमेऱ्याला हात लावू दिला नसता, हे आपल्या दोघांतच.

आता धडा पहिला. ऑटोफोकस म्हणजे आमच्या बँकेतला शिपाई. मोठा माणूस दारात दिसला की सलाम ठोकायला तिकडेच पळणार. काउंटरवर एखादा बारका माणूस कितीही हात हलवू दे, त्याला दिसतच नाही. कॅमेऱ्याचंही तसंच. त्याला ठळक वस्तू आवडते, जिला स्पष्ट कडा आहेत, रंगात फरक आहे. कोरं आकाश, पाणी, सपाट भिंत यांच्यावर तो टिकत नाही, नुसता चाचपडत राहतो. पण मागे काही ठसठशीत असलं की अंगठ्याएवढ्या पक्ष्याला सोडून धावलाच तिकडे.

मग काय करायचं? बटणाला हात लावायचा नाही. बटण शोधायला गेलात की पक्षी गेला. शटर अर्धं दाबून धरायचं आणि डाव्या हाताने लेन्सवरची रिंग फिरवायची. कॅमेरा कुठेही बघत असू दे, रिंग फिरली की तो मुकाट्याने तुमचं ऐकतो. मागची वस्तू विरघळत जाते, पक्षी पुढे येतो. डोळे मिटून जमेपर्यंत सराव करा. आणि डोळा कॅमेऱ्यावरून काढायचा नाही, काहीही होवो.

माझाच फोटो घ्या. तुम्हाला वाटतं सहज निघाला? कॅमेरा सारखा मागे धावत होता. एकदा आणला, परत गेला. दुसऱ्यांदा आणला, परत गेला. तिसऱ्या वेळी मी रिंग धरूनच ठेवली आणि वटवट्याला अक्षरशः ओढून पुढे आणला. याला हात लागतो, वहिनी. दादाला हे कधीच जमलं नाही. तो ऑटोफोकसचा गुलाम. त्याचे निम्मे फोटो म्हणजे सुंदर फांद्या आणि पुसट पक्षी. मी त्याला म्हणायचो, "दादा, तू झाडांचं प्रदर्शन भरव." हसायचा बिचारा.

काही अडलं तर विचारा. संकोच नको.

धाकटा


१९ मार्च

भाऊजी,

तुम्ही सांगितलं तसं केलं. पहिल्यांदा हात उलटा फिरला. आता फिरतो. चिमणी अजून दोरीवर स्थिर बसत नाही, पण टाकीचा नळ मात्र मी हवा तेव्हा घालवू शकते.

त्यांचे निम्मे फोटो पुसट होते हे खरं आहे. मी ते सगळे पाहिले आहेत. हे दाखवायचे आणि मी बघायची. पुसट आहे असं मी कधी म्हटलं नाही, त्यांनाही ते दिसत होतंच.

तुमच्या फोटोबद्दल दोन गोष्टी विचारते. मागे ते निळं आहे ते काय होतं? त्यात डावीकडे, खालच्या बाजूला एक केशरी ठिपका आहे, तो काय? आणि असा एकच फोटो आहे की आणखी आहेत? असतील तर पाठवा, मला शिकायला उपयोग होईल.

वहिनी


२८ मार्च

वहिनी,

तुमचं लक्ष बारीक आहे हं. लॅबवाल्यांना जंतू शोधायची सवयच! निळं म्हणजे खाणीतलं पाणी. सकाळची वेळ, ऊन तिरकं, त्यामुळे एवढं निळं आलं. आणि केशरी ठिपका म्हणजे घाणेरीचं फूल. तिथे घाणेरी माजलीय नुसती. परीक्षकांपैकी एकाला तो मावळता सूर्य वाटला, सकाळी आठ वाजता! मी म्हटलं, असू दे, बक्षीस देतायत ना.

फोटो एकच. बाकीच्या फ्रेममध्ये कॅमेरा मागे गेला होता, त्या मी तिथल्या तिथे पुसून टाकल्या, उगाच कार्ड कशाला भरा. ही एकच नीट आली. पुढच्या फ्रेममध्ये गवताची काडी नुसती हलतेय, पक्षी नाहीच. कसला तरी आवाज झाला आणि उडाला. अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो हा. त्यानंतर त्या दिवशी मी एकही फोटो काढला नाही, काढायच्या मनःस्थितीतच नव्हतो, तुम्ही समजू शकता.

प्रदर्शनाचं पत्रक छापायला द्यायचंय. तुमचा होकार कळवा. आईने तर दादाच्या नावाची पाटी करायचंही ठरवलंय.

धाकटा


६ जुलै

भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. चिमणी जमेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पावसाळी ढग, लॅबच्या पाळ्या, यात बरेच रविवार गेले. आता जमली.

सोबत दोन फोटो आहेत. आधी पहिला बघा.

दोरीवर चिमणी आहे. पिसं तुमच्या वटवट्याइतकी स्वच्छ नाहीत, पण ओळखू येते. तिच्या मागे निळी छटा आहे. डावीकडे, खालच्या बाजूला केशरी ठिपका आहे. तुमचा फोटो शेजारी ठेवून बघा. ठिपक्याचा आकार आणि जागा जुळेपर्यंत मी मागची वस्तू पुढेमागे करत होते.

आता दुसरा बघा. तीच दोरी, तीच चिमणी, तीच जागा. फक्त रिंगला हात न लावता, कॅमेऱ्याला वाटलं तसा काढलेला. चिमणी पुसट आहे. मागे हँगरवर यांचं निळं विंडचीटर आहे. उजवा खिसा फाटला होता आणि घरात निळं कापड नव्हतं, म्हणून मी त्याला जुन्या केशरी पिशवीचा तुकडा लावला होता. टाके घाईत घातलेले आहेत. एकेक टाका मोजता येतो.

उजवा खिसा तुमच्या फोटोत डावीकडे आला आहे. म्हणजे ते तुमच्याकडे तोंड करून उभे होते. तुम्ही, मध्ये पक्षी, पलीकडे ते आणि त्यांच्या मागे कडा.

तुम्हीच शिकवलंत की कॅमेरा पाण्यावर टिकत नाही. मी पाण्याच्या पिंपासमोर काडी लावूनही पाहिलं. टिकत नाही. ठळक वस्तूवर धावतो. तुमचा कॅमेरा तीनदा मागे धावला असं तुम्ही लिहिलंत. तीनदा त्याने तुम्हाला हे दाखवले. खिशावरच्या टाक्यांसकट. तीनदा तुम्ही हाताने रिंग फिरवलीत.

पक्षी कुठल्या आवाजाने उडाला हेही तुम्ही लिहिलं आहे, फक्त आवाजाला नाव दिलं नाही. तासभर आधी तिथे कसला आवाज झाला असेल, तर तसं कळवा. बॅटरी कधी बदललीत तेही कळवा.

वहिनी


१५ जुलै

वहिनी,

तुम्ही हे काय करून बसलात? मी तुम्हाला मन रमावं म्हणून शिकवलं. तुम्ही माझ्यावरच उलटवलंत.

तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नव्हतं. दादाला ती खाण माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. कड कुठे आहे हे त्याला ठाऊक असणारच, असं कोणीही धरून चालेल. आणि असल्या वेळी आम्ही बोलत नाही. तो आमच्यातला अलिखित नियमच आहे. पक्षी समोर असताना जो बोलला त्याच्याबरोबर परत कोणी जात नाही. हा नियम दादाचाच. एकदा मी शिंकलो होतो तर त्याने दिवसभर माझ्याशी अबोला धरला होता.

तो मागे सरकत होता हे मला दिसलं. दिसलं म्हणजे जाणवलं. मला वाटलं, एवढी एक फ्रेम घेतो आणि मग सांगतो.

बस. एवढंच. माणसाच्या हातून असं होत नाही का? मी काही त्याला ढकललं नाही. मीही त्या दिवसापासून झोपलेलो नाही, कोणी मला विचारलंय का?

प्रदर्शन रद्द करतो. फोटो काढून टाकतो. बक्षीसही परत करतो हवं तर. फक्त आईला काही सांगू नका. मी तिला सांगितलंय की मी हात पुढे केला होता, दादाची बाही माझ्या हातात आली आणि निसटली. ती शेजारणींना हेच सांगते. तिचं वय बघा, वहिनी. मी पाया पडतो.

धाकटा


२४ जुलै

भाऊजी,

प्रदर्शन रद्द करू नका. माझा होकार आहे. पत्रकात यांचं नाव टाका. फोटो मधोमध लावा, जेवढा मोठा होतो तेवढा मोठा करा. बक्षीसही परत करू नका.

मी मावशींना काही सांगणार नाही, शब्द देते.

माझी एक अट आहे. प्रत्येक फोटोखाली पक्ष्याचं नाव आणि तो कसा काढला याची छोटी पाटी असते, यांच्याबरोबर मी अशी प्रदर्शनं पाहिली आहेत. तुमच्या फोटोखालच्या पाटीवर असं लिहा:

पक्षी: वटवट्या
फोकस: हाताने
मागे: माझा दादा

याहून जास्त एक शब्द नको, कमीही नको. लोकांना त्यात काही वावगं दिसणार नाही. ते म्हणतील, भावावर किती माया. मावशीही चष्मा लावून वाचतील.

पहिल्या दिवशी मी येईन. पाटी नसेल तर माझे दोन फोटो माझ्या पिशवीत असतील. खिळे तिथे असतातच.

वहिनी


१८ ऑक्टोबर

भाऊजी,

मी काल दुपारी घरी पोचले. तिथे आपलं बोलणं झालं नाही म्हणून लिहिते. तुम्ही माझ्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे येताना खात्री नव्हती. पण पाटी होती. अक्षरं सुबक आहेत.

फोटो मोठा केल्यावर खूपच चांगला दिसतो. ठिपका आता बशीएवढा झाला आहे. त्याच्या वर कॅमेरा धरलेल्या दोन्ही हातांचं काळपट काहीतरी आणि त्याच्याही वर, चेहऱ्याच्या जागी, एक फिकट गोल. लहान प्रतीत मला तो दिसला नव्हता.

मी दाराजवळच्या खांबापाशी उभी होते. तुम्ही मला पाहिलंत हे मी पाहिलं. तुमच्या क्लबमधले लोक येत होते, पाटी वाचत होते, तुमच्या खांद्यावर हात ठेवत होते. एक बाई म्हणाली, "केवढा संयम लागत असेल हो याला!" तुम्ही "हो" म्हणालात. एका माणसाने विचारलं, "म्हणजे दादांनी हात धरून शिकवलं तुम्हाला?" त्यालाही तुम्ही "हो" म्हणालात. तो हळहळला.

मग मावशी आल्या. त्यांनी चष्मा बदलला आणि पाटीवरचा एकेक शब्द मोठ्याने वाचला. म्हणाल्या, "मागे कुठाय रे तो? मला तर नुसतं पाखरूच दिसतंय."

तुम्ही म्हणालात, "आई, नंतर सांगतो, चल, तू बस जरा."

त्या म्हणाल्या, "नंतर कशाला? मी तेवढ्यासाठी एवढे जिने चढून आले. दाखव की. तूच लिहिलंयस ना?"

माणसं हसली. तुम्हीही हसलात. मग तुम्ही हात वर केलात.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला एक विचारलं होतं आणि खरं लिहा म्हटलं होतं. त्याचं उत्तर मला परवा मिळालं. आता मला तुम्हाला काही विचारायचं नाही, आणि तुम्हीही लिहू नका.

केशरी ठिपका सोपा होता. कोणीही तोच दाखवला असता. तुम्ही तो दाखवला नाहीत. काळपट हातही दाखवले नाहीत. तुमचं बोट कुठेही न अडखळता सरळ त्या फिकट गोलावर गेलं आणि तिथेच थांबलं.

वहिनी